वेणीचा काठ
मालूबाईच्या मोबाइलवर टोपलीची ऑर्डर आली. पैसे भरणारा खंडव्याचा, पण पार्सलचा पत्ता दापोऱ्याचा, शेजारच्या सोजरबाईच्या घरचा. पत्ते जुळले नाहीत की फोन करून विचारायचं, ही तिची रीत. “हो, आत्याकडेच पाठवा, माझी चक्कर वाचेल,” पलीकडून सोजरबाईचा भाचा म्हणाला. “तिला तुमचा वेणीचा काठ खोलून बघायचाय.” मालूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. केळीच्या धाग्याच्या टोपल्या दोघीही विकायच्या, पण सोजरबाईच्या झाकणाच्या टोपल्यांवर गिऱ्हाईक तुटून पडायचं आणि हिच्या पोटात दुखायचं. “आता माझा काठही हवा का भवानीला? समोर येऊन विचारायचं होतं ना!” तरी आलेलं गिऱ्हाईक कोण सोडतं? खोक्यासाठी तिने खाटेखाली हात घातला. हाती आलं ते तिनेच नेपानगरच्या आपल्या भावाच्या नावाने मागवलेलं खोकं. आत सोजरबाईची टोपली, धागाधागा उसवलेली. झाकण मात्र मालूबाईला अजून जमलं नव्हतं.