शालनची माती

रंगनाथ कुलथे प्रादेशिक परिषदेच्या खिडकीवर तिसऱ्यांदा आले होते. त्यांना बायकोची माती हवी होती, घरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत घालायला. सरणाला लाकूड मिळेनासं झाल्यापासून मृतदेहांची माती परिषदच करायची आणि आराखड्याप्रमाणे झाडांना घालायची.

"काका, ती हायवेच्या दुभाजकात गेली. आणखी चाळीस जणांबरोबर," कारकून बाई म्हणाल्या.

"अहो, धुळीनं तिला दम लागायचा. कोणी ठरवलं हे?"

"तुमच्याच वॉर्डसभेनं. हात वर करणाऱ्यांत तुमचंही नाव आहे."

कुलथ्यांना ती सभा आठवली. विषय त्यांनी ऐकलाच नव्हता. शेजारी बसलेली शालन कोपरानं ढोसत होती, "करा हात वर, म्हणजे सुटू एकदाचे. कुकर लावायचाय अजून."