खुरांची टोकं

माणिकरावांनी घोंगडी अंगणात पसरली आणि तिच्या काठाशी उकिडवे बसले. काळ्या लोकरीच्या दोन्ही काठांवर पांढरी खुरं विणलेली होती. मेंढराच्या ठशासारखी, पुढे टोकदार, मागे रुंद. चाळीस वर्षं कळपामागे चाललेल्या माणसाला ठसा वाचायला वेळ लागत नाही. त्यांनी एका खुरावर बोट ठेवलं, मग त्याच्या पुढच्यावर.

"विरुपाक्षा," ते म्हणाले, "ही मेंढरं कुणीकडं चाललीत?"

विरुपाक्ष ओट्यावरच्या बाजेवरून मान उचलून बघत होता. उजवा हात पासोडीखाली होता. संक्रांतीपासून तो हात हलत नव्हता, आणि परभणीच्या हकिमानं आता तेल द्यायचंही सोडलं होतं. पेडगावहून घोंगडी न्यायला आलेल्या या नवरा-बायकोला मात्र अंगात कणकण आहे, एवढंच सांगितलं होतं.

घोंगडी विणायला जिथून सुरुवात होते ते तिचं मूळ. जिथे ती संपते तिथे दशा मोकळ्या सोडतात. लग्नाच्या घोंगडीवर खुरं मुळाकडून दशांकडे जायची: कळप चरायला निघाला. मयतावर घालायच्या घोंगडीवर ती दशांकडून मुळाकडे यायची: कळप परतला. पेडगावच्या मेंढपाळांसाठी तीन पिढ्या हा काठ झरीच्या या एकाच घरात विणला जात होता, आणि तीन पिढ्यांत त्यात चूक झाली नव्हती.

"परवा बन्सीला हिच्यावर बसवायचंय," माणिकराव म्हणाले. "ही तर तिरडीवरची हाय. कुणी विणली?"

"मीच, मामा."

"तू?" माणिकराव उठून उभे राहिले. "तुझ्या हातून खूर उलटं पडत न्हाई. तू विणली असशील, तर मुद्दाम विणली. माझ्या लेकाचं वाईट चिंतून."

विरुपाक्षनं मान खाली टाकली.

"उद्यापास्नं पेडगावची लोकर बोरीच्या विणकराकडं जाईल," माणिकराव म्हणाले.

विरुपाक्षची बायको महादेवी दारात उभी होती. ती बाहेर आली.

"त्यांचा हात गेलाय, मामा. मी विणली."

ओट्यावर तंबाखू चोळत बसलेल्या माणिकरावांच्या बायकोचा, धुरपताबाईचा, अंगठा थांबला. बायकांनी लोकर पिंजावी, सूत काढावं, तुटला धागा सांधावा. विणकर ज्यात पाय सोडून बसतो, त्या मागाच्या खड्ड्यात बाई बसत नसे.

"तू मागावर बसलीस?" माणिकरावांनी विचारलं.

"दार लावून."

"अन् कुणासाठी विणायलीस ते ठावं न्हवतं? लग्नासाठी का मयतासाठी?"

"ठावं होतं. खुरं त्यांच्यासारखीच घालायची म्हणून लय आठवून आठवून घातली." महादेवी घोंगडीच्या मुळाशी जाऊन बसली. "हे विणायचे तवा मी समोर असायची, मागाच्या त्या टोकाला, धागे सांधत. बारा वरसं तिथंच बसले. यांनी घातलेल्या खुरांची टोकं माझ्याकडं यायची. मग मी खड्ड्यात बसले, तवाबी टोकं माझ्याकडंच वळवली. मला तेच बरोबर वाटलं."

"यानं काईच सांगितलं न्हाई?"

"एका खुराला धाग्यांची घरं किती मोजायची ते सांगितलं," विरुपाक्ष बाजेवरून म्हणाला. "टोक कुणीकडं, हे सांगायचं असतंय हेच माझ्या ध्यानात आलं न्हाई. ते हाताला ठावं होतं."

माणिकरावांनी पागोटं काढलं, झटकलं आणि पुन्हा डोक्यावर ठेवलं. "चल, बन्सीची माय. ऊन व्हायलंय."

धुरपताबाई उठली, पण दाराकडे गेली नाही. गुडघ्यावर हात टेकत ती महादेवीशेजारी मुळाशी बसली. दोन्ही काठांवरची खुरं त्या दोघींकडे तोंड करून होती. तिनं शेवटच्या दशेपर्यंत नजर नेली आणि परत आणली.

"काय बघायलीस?" माणिकराव म्हणाले.

"दिवाळी झाली की तुमी कळप घेऊन निघता," ती म्हणाली. "जाताना खुरं कशी पडतात ते मी कधी बघितलं न्हाई बघा. चूल असती, लेकरं असतात. पर जेठात माळावर धूळ दिसली की मी जाऊन उभी राहते. मला मेंढरं ठावी हायती ती ही अशी, माझ्याकडं येणारी."

"लग्नात का असल्या गोष्टी चालतात?"

"नवरी बसणार न्हाई का हिच्यावर? का बन्सी एकलाच बसणार हाय?"

माणिकरावांनी वाकून एका खुरावरची धूळ झटकली.

"कुणी इचारलं तर सांगा, नवरीच्या अंगानं विणलीय." धुरपताबाईनं घोंगडीची घडी घातली. आधी उभी, मग आडवी, खुरं आत ठेवून. मग महादेवीला म्हणाली, "आखाडात कातरण हाय. लोकर तुझ्या दारात टाकते. दार लावून बसू नको, गरमीनं मरशील."

माणिकरावांनी हात पुढे केला. तिनं घडी त्यांच्या खांद्यावर ठेवली. ते अंगणातून निघाले, आणि फाटकाशी थांबले.

"माळावर उभी राहतीस तवा," त्यांनी मागे न बघता विचारलं, "मेंढरं मोजतीस?"

"मेंढरं तुमी मोजता," धुरपताबाई म्हणाली. "मी माणसं मोजते."