चारशे चारचा मग

वैदेहीचं लग्न टँकरच्या पाण्यावर लागलं, त्याच उन्हाळ्यात तिच्या भावाच्या, मिहिरच्या दुकानात साळूबाई आल्या आणि पदराखालून एक पांढरा मग काढून त्यांनी काउंटरवर ठेवला.

"असाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "आखितीच्या आत."

सिडकोतल्या त्या गाळ्यात मिहिर कॉम्प्युटरवाल्यांसाठी गमतीच्या वस्तू करायचा. मग, टी-शर्ट, टेबलावर ठेवायच्या पाट्या. 'सकाळी कोड लिहितो, संध्याकाळी माफी मागतो', असलं काहीबाही त्यावर छापलेलं. ज्याला कळायचं तो हसत घेऊन जायचा. पण कळणारी पोरं शहरात टिकत नव्हती, शिकली की पुण्याची गाडी धरायची. हसण्यावर घर चालतं का, असं मिहिरचे वडील व्यंकटराव रोज विचारायचे. त्याच आखितीच्या, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर गाळा एका मोबाइलवाल्याला द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

मिहिरनं मग उजेडात धरला. छपाई घासून गेली होती, नुसत्या पुसट खुणा राहिल्या होत्या. बुडाला चीर गेली होती.

साळूबाईंनी सांगितलं, तो त्यांच्या कृष्णाचा. पुण्याच्या कंपनीत लागलेल्या पोराचा. सुट्टीत घरी आला तेव्हा मगही घेऊन आला होता. पाण्याची मारामार, म्हणून त्या सगळी भांडी राखेनं घासायच्या. त्या ढिगात हाही घासला. अक्षरं राखेबरोबर निघून गेली. पोरगं दिवसभर बोललं नाही, नंतर आपणच हसत सुटलं.

"येताना नवा आणतो म्हनला," साळूबाई म्हणाल्या. "ते राहिलं."

"लिहिलं काय होतं यावर?"

"चारशे चार. आन् खाली, पाणी सापडलं नाही."

मिहिर खरोखर हसला. मागितलेलं पान मिळालं नाही की कॉम्प्युटर हाच आकडा दाखवतो, हे तो समजावून सांगू लागला, पण साळूबाईंना ते ठाऊक होतं. कृष्णानं सांगितलं होतं. नळाची वाट बघत घागरी मांडून बसणाऱ्या या शहरात इतकं नेमकं वाक्य मिहिरला कधी सुचलं नव्हतं.

साळूबाईंचे यजमान बद्रीनाथ इतका वेळ दाराशीच उभे होते. ते आत न येताच म्हणाले, "पाण्याचं भांडं, आन् त्यावर पाणी नाय म्हणून लिवायचं? भावकी काय म्हणंल?"

"भावकीला कुठं प्यायचंय त्यातून? त्याला हसू येतं याचं."

बद्रीनाथ रस्त्याकडं बघत राहिले.

मिहिरनं विचारलं, खाली नाव घालू का. साळूबाई नको म्हणाल्या, त्याचं त्याला कळतंय. रंगीत डबा नको, रिबीन नको. थेंब गळायला नको, तेवढं बघा.

"सणाला घरी येतोय वाटतं?"

"यायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या दारी जाईल तो?"

छापायचे कोरे मग मुंबईहून यायचे होते. तोवर मिहिरनं तेच वाक्य टी-शर्टवर छापून दारात टांगलं. जालना रोडवरच्या एका ऑफिसातली पोरं येऊन होते नव्हते तेवढे शर्ट घेऊन गेली आणि आणखी मागून गेली. मिहिरच्या मनाला टोचणी लागली. वाक्य दुसऱ्याचं होतं. त्यानं ठरवलं, कृष्णा आला की स्वतः भेटायचं, परवानगी मागायची. अशीच वाक्यं देत राहा, निम्मा वाटा तुझा, असं सांगायचं. व्यंकटरावांनाही त्यानं हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, भेट त्या पोराला, तोवर मी मोबाइलवाल्याला थांबवतो.

मगांचं खोकं आलं ते ऐन आखितीच्या आदल्या दिवशी, आणि आलं तसे दिवे गेले. सकाळी वीज आल्याबरोबर मिहिरनं मग छापला, त्यात पाणी भरून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला. कागद कोरडा राहिला. कृष्णासाठी एक टी-शर्ट पिशवीत टाकून तो स्कूटरवर निघाला.

छावणी मागं पडली. वेरूळच्या रस्त्याला वावरांत प्लॉटिंगचे पांढरे खांब उभे होते आणि टँकरपुढं बायकांची रांग होती. कृष्णाशी कसं बोलायचं, याची तो वाटभर मनात उजळणी करत होता.

बद्रीनाथांच्या अंगणात चपला बऱ्याच होत्या. आतून आमरसाचा वास येत होता. साळूबाई लगबगीनं बाहेर आल्या.

"लई वाट बघायला लावली, दादा. पान वाढायचं थांबवलंय."

त्यांनी मग घेतला, बूड बोटानं चाचपलं आणि झाकलेल्या रांजणातून पाणी ओतलं. ज्या घरी हात धुवायला अर्धी वाटी पाणी मिळत होतं, तिथं त्यांनी तो काठोकाठ भरला.

मिहिरनं शर्ट पिशवीतून काढला. "काका, कृष्णा आत आहे का? त्याच्याशी जरा बोलायचंय."

बद्रीनाथांनी शर्ट उलगडला, वाक्य वाचलं, पुन्हा नीट घडी घातली आणि त्याला आत यायची खूण केली.

पाटावर गव्हाच्या राशीवर पितरांसाठी पाण्यानं भरलेला नवा मातीचा करा होता. कऱ्यावर आंबा होता. साळूबाईंनी भरला मग त्याच्या शेजारी टेकवला आणि अक्षरं भिंतीवरच्या फोटोकडं येतील असा फिरवला.

कृष्णा मागच्या पोळ्याला, पुण्याहून घरी येताना, रस्त्यात गेला होता.