बिननावाचा मासा

बायको गेल्यानंतर मासेतज्ज्ञ पहिल्यांदा प्रयोगशाळेत आला, तेव्हा मासा टिकवायला बरणीत भरलेलं अल्कोहोल उडून गेलं होतं. तिच्या आजारपणात त्यात भर घालायचं राहूनच गेलं होतं. आतल्या बोटभर माशाचा हात लावताच भुगा झाला. जगात कुणीच नाव न दिलेला हा मासा तिला एकाच ओढ्यात सापडला होता.

“मिशा बघ, थेट तुझ्यासारख्या. तुझंच नाव देते याला,” असं ती चिडवायची. आता मासेतज्ज्ञाला त्या माशाला तिचं नाव द्यायचं होतं.

“नमुना नसेल तर नाव देता येत नाही रे,” सहकारी म्हणाला. “ओढ्यातून दुसरा आण.”

“ओढा बुजवून हॉस्पिटलचं पार्किंग केलंय. तिला भेटायला जायचो तेव्हा गाडी तिथंच लावायचो.”

त्याने बरणी धुऊन तिच्या टेबलावर पालथी घातली. माशाला नाव द्यायचं राहिलं.