इंजिनाचं शटर

"शटर लावून हे इंजिन चालवू नका हं सूनबाई. धूर दिसला नाही तरी घात करतो," सासरे सांगत. सोसायटीचा तो म्हातारा जनरेटर बनवणाऱ्या विलायती कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेलेली. कंपनी विकली गेली, नावासकट बुडाली. जनरेटरवरची तिची पितळी पाटी मात्र ते मरेपर्यंत पुसत राहिले. केतकीला ते सगळं इंजिनपुराण वाटायचं. बाळ आवाजाने दचकतं म्हणून तिनेच भांडून पार्किंगचं शटर बंद ठेवायला लावलं होतं.

आज दुपारी वीज गेली. वॉचमन हँडल मारून जनरेटर सुरू करून गेटवर गेला. तासाभराने पार्किंगच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर बाळ हलवूनही उठेना. केतकीने सांभाळणाऱ्या शालनकडे रोखून पाहिलं.

"काय पाजलंस त्याला?"

"काय बी नाही वो ताई! माझंच डोकं केव्हाचं गरगरतंय."

नाटक करतेय, केतकीला वाटलं. तिने दुधाची बाटली हुंगली, शालनची पिशवी उपसली. मग लक्षात आलं, आपलंही डोकं ठणकतंय. पायाखालची फरशी थरथरत होती; खाली बंद शटरआड इंजिन चालू होतं.

बाळाला उचलून, शालनला ओढत ती गच्चीवर धावली. वाऱ्यावर बाळाने टाहो फोडला, तसं तिने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं : "इंजिन बंद करा, शटर उघडा. पार्किंगशेजारच्या खोलीत वॉचमनची बाळंतीण बायको झोपलीय. जो कुणी हे वाचेल, त्याने आधी तिला बघावं."