अ‍ॅम्पवरची धूळ

मुलगा अपघातात गेल्यावर महिन्याभरानं बापानं त्याची खोली आवरायला घेतली आणि तिथंच घात झाला. त्याच्या गिटारच्या अ‍ॅम्पवरची धूळ पुसता पुसता फडक्यानं सगळे नॉब फिरले. पोरानं वर्षभर डोकेफोड करून जमवलेला सोलोचा आवाज मिनिटभरात पुसला गेला.

बापानं बँडमधल्या त्याच्या दोस्ताला बोलावून घेतलं. "तेवढा आवाज पहिल्यासारखा करून दे रे."

दोस्ताला तो आवाज तोंडपाठ होता. त्यानं गेनचा नॉब चढवला, आवाज फाडणाऱ्या डिस्टॉर्शनच्या पेडलवर पाय दिला, थोडा डिलेचा घुमारा सोडला आणि मित्राचीच गिटार वाजवली. तीच कानठळ्या बसवणारी किंकाळी! 

"हा नव्हे," बाप म्हणाला.

दोस्तानं गेन उतरवला, ट्रेबल वाढवला, पेडल बदलून पाहिलं. बापाची मान आडवीच हलत राहिली.

"काका, शपथेवर सांगतो, पहिलाच बरोबर होता. त्याच्या शेजारी उभा राहून ऐकलाय मी."

 बाप उठून बाहेर गेला आणि त्यानं दार घट्ट लावून घेतलं. "आता वाजव."

दोस्तानं पहिलाच आवाज लावून सोलो सुरू केला. अर्ध्यावर आला तोच दारावर दणादण तीन थापा पडल्या. पूर्वी बापाच्या या थापा पडल्या की दोघं मित्र मुकाट्यानं अ‍ॅम्प बंद करायचे. सवयीनं त्याचा हात थांबला.

"हाच तो," दाराआडून बाप म्हणाला. "बंद करू नकोस रे. या वेळी नको."