हिरवी कड

सायमाने अकरा वर्षं खपून घडवलेला विषाणू फक्त कर्करोगाच्या पेशींत शिरायचा आणि शिरला की हिरवा चमकायचा. निरोगी पेशीला तो शिवतसुद्धा नसे.

पण आठवडाभर फिनलंडमधल्या कुओपिओच्या त्या प्रयोगशाळेत तो उजेड पेशी वाढवलेल्या डिशच्या एकाच कडेला गोळा होत होता, सायमाच्या खुर्चीकडे. डिश फिरवली तरी तो पुन्हा तिथेच येई.

"तुझाच वास लागलाय त्याला!" तिच्या पाठीमागे बसणारा सहकारी तोइवो खिदळला.

सायमाने कर्करोगाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. आज अहवाल आला. कुठेही काही नव्हतं. आनंदाची बातमी म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे तिने वेलचीचा गोड पाव आणला.

"सुटलीस बाई! बस तू, कॉफी मी करतो," म्हणत तोइवो स्वयंपाकघरात गेला.

सायमाने निवांतपणे मायक्रोस्कोपला डोळा लावला. हिरवा उजेड तिच्याकडची कड सोडून स्वयंपाकघराच्या बाजूला सरकत होता.

"पाव जाड कापू का गं?" आतून तोइवोने विचारलं.

कपांचा किणकिणाट जवळ येऊ लागला आणि डिशमधला उजेडही, पावलागणिक, परत फिरू लागला.